वेठ आणि मोकळीक : लहान व्यवसायातील मालकाचे कर्तव्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्यांनी आम्हांला अंकगणित आणि नामे-जमा शिकविली. या व्यासपीठावरून यापूर्वी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी खानावळवाला आहे. विद्यार्थ्यांना आणि कारखान्यांतील कामगारांना डबे पोचविणे व लहानसहान समारंभांची रसोई करणे, हा तीस वर्षे माझा व्यवसाय आहे. चालकांनी विषय निवडण्याचे काम माझ्यावरच सोपविले, तेव्हा ज्या बाबतीत माझ्या हातून चूक घडली आणि म्हणून ज्याचा मला थोडा अभ्यास करावा लागला, तोच विषय घ्यावा असे मी ठरविले. आपल्यासारख्या लहान मालकाच्या दुकानात, स्वयंपाकघरात वा गॅरेजमध्ये गुलामगिरी कशी शिरते आणि ती शिरू नये म्हणून काय करावे, हा तो विषय होय.

शब्द आणि अर्थ

गुलामगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साखळदंड, जहाजे आणि अमेरिकेतील कापसाची शेते येतात. आपल्या भाषेत मात्र या गोष्टीसाठी ‘वेठ’ हा घरचाच शब्द आहे. संस्कृतातील ‘विष्टि’ म्हणजे सक्तीने घेतलेले काम. त्यावरूनच तो आला. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार, वेठबिगारी आणि तत्सम सक्तीचे श्रम यांना मनाई केली आहे. घटनेच्या इंग्रजी मसुद्यातही घटनाकारांनी या ठिकाणी ‘बेगार’ हा देशी शब्दच ठेवला आहे. त्या शब्दामागचे दुःख परक्या शब्दाने पुरतेपणी सांगता आले नसते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३० साली केलेल्या करारात सक्तीच्या श्रमाची व्याख्या दिलेली आहे. शिक्षेच्या धाकाने घेतलेले आणि माणसाने स्वेच्छेने न पत्करलेले काम, असा तिचा थोडक्यात आशय आहे. भारताने हा करार १९५४ साली मान्य केला. याच संघटनेने इतर दोन संस्थांसह २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, जगात सुमारे पाच कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत आहेत. त्यांपैकी सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात असून बाकीची सक्तीच्या विवाहात अडकलेली आहेत.

आपल्या शेजारचा इतिहास

दक्षिण गुजरातेत, सुरत आणि वलसाड या भागांत, ‘हाली’ नावाची प्रथा होती. दुबळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि पुढे हळपती हे नाव मिळालेल्या आदिवासी जमातीतील तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेई आणि त्या दिवसापासून तो त्याचा हाली होई. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी या भागात राहून या प्रथेचा आणि तिच्या ऱ्हासाचा अभ्यास केला. थोडे दक्षिणेला, डहाणू-उंबरगाव पट्ट्यात, वारली समाजात हीच गोष्ट ‘लग्नगडी’ या नावाने चाले. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली स्वतः तर सावकाराचा गडी होईच, पण त्याची बायकोही त्यात बांधली जाई. १९४५ साली किसान सभेने, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, वारल्यांचा जो लढा उभारला, त्याचा पहिला घाव याच वेठीवर होता. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यात आलेला उंबरगाव तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. १९६० पासून तो गुजरातेत आहे.

या दोन्ही प्रथांची सुरुवात एकसारखी आहे. गरजेच्या वेळी कोणीतरी पैसे दिले. देणारा त्या क्षणी उपकारकर्ता होता आणि घेणाऱ्यालाही तो तसाच वाटला. मारहाण, धाक, पहारा हे सारे पुढचे.

बडोद्यातील एक करार

येथे कोणी विचारील की, पैसे आगाऊ देऊन काम करवून घेणे हेच मुळात पाप आहे काय? या प्रश्नाचा विचार करताना मला आपल्या शहराच्या इतिहासातील एक करार नेहमी आठवतो. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी झालेल्या करारानुसार, शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करणे त्यांना बंधनकारक होते. आगाऊ पैसा आणि त्याबद्दल सेवा, असेच त्याचे बाह्य स्वरूप होते. तरीही त्याला वेठ म्हणण्याचे कोणाच्या मनात येणार नाही. काम सन्मानाचे होते, त्याला योग्य वेतन होते आणि करार मोडल्यास प्रश्न पैशांचा होता. माणसाला धरून ठेवण्याचा नव्हता.

पुढे १९१७ साली आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आश्रय घ्यावा लागला आणि तोही थोड्याच दिवसांत हिरावला गेला. अखेर ते मुंबईस परतले. सयाजीबागेजवळची संकल्पभूमी आज त्या दिवसाची साक्ष देते.

या प्रसंगातून मला दोन गोष्टी समजल्या. आगाऊ रक्कम आणि वेठ यांतील सीमारेषा माणसाला निघून जाता येते की नाही, येथे असते, ही पहिली. दुसरी अशी की, परक्या शहरात ज्याला डोक्यावर छप्पर मिळत नाही, त्याचे सारे स्वातंत्र्य छप्पर देणाऱ्याच्या हाती जाते. आंबेडकरांना परतण्यास मुंबई तरी होती. आज दाहोदहून, छोटा उदेपूरहून किंवा पलीकडच्या झाबुआ-अलीराजपूरहून बडोद्यास येणारा पोरगा आपल्याच दुकानाच्या माळ्यावर झोपतो. काम गेले की त्याच रात्री अंथरूणही जाते.

माझी चूक

आता माझी गोष्ट सांगतो. २०११ सालची होळी जवळ आली होती. माझ्याकडे छोटा उदेपूरच्या बाजूचा एकोणीस-वीस वर्षांचा तरुण भांडी घासणे व डबे भरणे ही कामे करीत असे. दिवाळीनंतर तो आला, तेव्हा त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी मी त्याला वीस हजार रुपये उचल दिली. दयेने दिली असे मला वाटत होते आणि काही अंशी ते खरेही होते. पैसे सुरक्षित राहावेत म्हणून त्याचे निवडणूक ओळखपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला मी माझ्या कपाटात ठेवला. त्यालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

होळीच्या आठ दिवस आधी तो म्हणाला, “शेठ, होळीला घरी जाऊन येतो.” आदिवासी पट्ट्यात होळी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण, हे मला ठाऊक होते. पण विद्यापीठाच्या परीक्षांचे दिवस होते, डबे वाढले होते. मी म्हणालो, “आधी उचल फिटू दे, मग जा.” तो काही बोलला नाही, मोरीकडे वळून पुन्हा भांडी घासू लागला.

होळीच्या आदल्या दिवशी त्याचे वडील बडोद्यास आले. फडक्यात बांधलेले पैसे त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “छोकऱ्याला सोडवायला आलो.” ते पैसे त्यांनी गावच्या सावकाराकडून व्याजाने आणले होते.

सोडविणे हा शब्द आपण गहाण दागिन्यासाठी वापरतो. त्या क्षणापर्यंत मी स्वतःला चांगला मालक समजत होतो. मी कधी त्या मुलावर हात उगारला नव्हता, त्याला पोटभर जेवण देत होतो, दाराला कुलूप लावीत नव्हतो. तरीही एक बाप मुलाला सोडविण्यासाठी माझ्या दारात उभा होता.

त्या रात्री मी त्याचे खाते काढून बसलो. पगारातून जेवणाचे व राहण्याचे पैसे मी कापीत होतो, फुटलेल्या वस्तूंचे कापीत होतो, गैरहजेरीचे कापीत होतो. गुरुजींनी शिकविलेल्या पद्धतीने दोन बाजू नव्याने मांडल्या. एका बाजूस उचल आणि दिलेली रोख रक्कम लिहिली. दुसऱ्या बाजूस सरकारी किमान वेतनाच्या दराने त्याचे काम आणि आठ तासांवरील जादा तास लिहिले. खाते उलटे निघाले. देणेकरी मीच होतो. सकाळी वडिलांचे पैसे परत केले, कागदपत्रे व निघणारी रक्कम मुलाच्या हाती दिली. ते दोघे गेले. मुलगा पुन्हा माझ्याकडे कामास आला नाही आणि त्याने यावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नव्हता.

कर्ज का फिटत नाही

उचलीचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. सोयीसाठी साधे आकडे घेऊ. उचल २०,००० रुपये. ठरलेला पगार महिना १०,००० रुपये. जेवण व निवास यांपोटी ३,००० कापले, घरी ५,००० पाठविले, दंड व किरकोळ खर्च १,००० झाला. उचलीत जमा झाले १,०००. सहा महिन्यांनी कर्ज १४,००० वर येते. एवढ्यात घरी आजारपण निघते आणि तो आणखी ६,००० मागतो. कर्ज पुन्हा २०,०००. सहा महिने राबून माणूस जेथे होता तेथेच राहिला. यात व्याजाचा एक पैसाही धरलेला नाही. ऊसतोडणीच्या हंगामासाठी मुकादमाकडून उचल घेऊन घर सोडणाऱ्या मराठवाड्यातील जोडप्यांची कहाणी आपण ऐकतो. तिच्या मुळाशी हेच गणित आहे.

कायदा काय म्हणतो

ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. त्यातील व्याख्या पाहून मी चकित झालो. कर्ज किंवा उचल यांच्या बदल्यात माणूस विनावेतन वा नाममात्र वेतनावर राबत असेल, किंवा दुसरीकडे काम धरण्याचे अथवा देशात कोठेही जाण्याचे त्याचे स्वातंत्र्य गेले असेल, तर ती वेठबिगारी होय. नाममात्र वेतन म्हणजे किमान वेतनाहून कमी वेतन. असे कर्ज कायद्याने रद्द होते; ते फेडण्याची जबाबदारीच उरत नाही. ते वेठीचे कर्ज नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर म्हणजे मालकावर असतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावासाची आहे.

१९८२ साली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. भुकेने व गरिबीने अगतिक होऊन माणूस किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम पत्करतो, तेव्हा तेही सक्तीचेच श्रम होत, असा निर्णय न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने दिला. २३ वा अनुच्छेद सरकारइतकाच खासगी व्यक्तीलाही लागू आहे, हेही त्याच निकालाने स्पष्ट झाले. “तो स्वखुशीने राहिला होता” हा आपला नेहमीचा युक्तिवाद तेथे टिकत नाही.

इंग्लंडने २०१५ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला. आपल्या व्यवहारात गुलामगिरी नसावी म्हणून काय केले, याचे वार्षिक निवेदन देण्याचे बंधन त्यात आहे. परंतु ते वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड वा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या संस्थांनाच आहे. आपल्याकडेही अनेक कामगार कायदे ठरावीक कामगारसंख्येच्या वरच लागू होतात. १९७६ च्या कायद्यास अशी मर्यादा नाही. एक माणूस पुरेसा आहे. मात्र निरीक्षक लहान दुकानापर्यंत क्वचितच पोचतो. कायदा झाल्यानंतरही मुंबईला लागून असलेल्या ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित व त्यांच्या श्रमजीवी संघटनेला वेठबिगारांना सोडवावे लागले. त्या कामासाठी १९९९ साली पंडितांना गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणून लहान व्यवसायात मालकालाच स्वतःचा निरीक्षक व्हावे लागते.

मालकाने काय करावे

माझ्या स्वयंपाकघरात आज जे नियम आहेत, ते आपणांपुढे ठेवतो.

१. उचल एका महिन्याच्या पगाराहून अधिक देत नाही. ती लेखी असते, बिनव्याजी असते आणि नोंदवहीची प्रत कामगाराकडे राहते. काम सोडताना बाकी राहिलीच, तर ते साधे येणे समजतो. त्यासाठी माणसाला थांबवून ठेवीत नाही.

२. आधार कार्ड, दाखला, बँकेचे पुस्तक यांची छायाप्रत घेतो आणि मूळ कागद त्याच क्षणी परत करतो. मूळ कागद माझ्या कपाटात एक रात्रही राहत नाही.

३. पगार कामगाराच्या स्वतःच्या खात्यात जातो. मुकादमाच्या वा नातेवाइकाच्या नव्हे. दर किमान वेतनाहून कमी नसतो. जादा तास वेगळे लिहिले जातात. दंड ही बाब मी बंद केली आहे.

४. कामगार मध्यस्थामार्फत आला, तर त्याला एकट्याला बसवून त्याच्याच भाषेत विचारतो : तुला काय सांगून आणले? मध्यस्थाला किती दिलेस? गावी कोणाचे देणे आहे? मध्यस्थाची दलाली मी देतो. ती कामगाराच्या पगारातून जात नाही.

५. राहण्याच्या खोलीची कडी आतून लागते आणि किल्ली राहणाऱ्यांकडे असते. फोन त्यांच्याजवळ असतो. काम सोडल्यावर पंधरा दिवस खोलीत राहण्याची मुभा आहे. आंबेडकरांच्या त्या प्रसंगावरून मला हा नियम सुचला.

६. होळीची रजा ठरलेली आहे. त्या आठवड्यात डब्यात दोन पदार्थ कमी असतात आणि गिऱ्हाइकांना तसे आधी कळवितो.

७. चौदा वर्षांखालील मूल कोणत्याही कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरले आहे. स्वतःच्या कुटुंबाच्या व्यवसायात शाळेची वेळ सोडून केलेली मदत हा त्याला एक अपवाद आहे. हॉटेले, चहाची दुकाने आणि घरकाम यांना ही मनाई २००६ पासूनच होती. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेथे चहाच्या लारीवर ‘छोटू’ अशी हाक ऐकू यावी, हे आपणांस शोभत नाही.

८. काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन दिवसांत पुरा करतो. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनेही दोन कामाच्या दिवसांची हीच मुदत घातली आहे.

हे नियम पाळताना खर्च वाढतो, हे मी लपवीत नाही. माझा डबा शेजारच्या डब्याहून महाग आहे आणि त्यामुळे काही गिऱ्हाइके गेलीही.

गिऱ्हाइकाची बाजू

येथे श्रोत्यांपैकी बहुतेक जण मालक नसतील. पण गिऱ्हाईक सारेच आहेत. लग्नाच्या जेवणाचा दर आपण प्लेटीवर ठरवितो आणि चार ठिकाणी घासाघीस करून सर्वांत स्वस्त दर पत्करतो. धान्य, तेल, गॅस यांचे भाव सर्व रसोइयांना सारखेच असतात. मग स्वस्ताईचा भार कोणावर पडला, हे एकदा विचारून पाहावे. रात्री वाढप आटोपल्यावर वाढणारी व भांडी घासणारी माणसे कोठे झोपतात, त्यांना पगार कोण देतो, एवढे दोन प्रश्न पुरे आहेत. घरात राहून काम करणारी मुलगी, सोसायटीचा पहारेकरी, गाडी धुणारा पोरगा यांच्या बाबतीतही हेच प्रश्न लागू पडतात.

कोठे वेठीची शंका आली, तर मालकाशी परस्पर भांडू नये. रातोरात माणसे हलविली जाण्याचा धोका असतो. जिल्हाधिकारी किंवा प्रांत अधिकारी यांना लेखी कळवावे. कायद्याप्रमाणे जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असावयास हव्यात. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. सुटका झालेल्यास मुक्ती प्रमाणपत्र मिळणे फार महत्त्वाचे असते. त्याने कर्ज संपल्याची नोंद होते आणि पुनर्वसनाचा मार्ग उघडतो. केंद्र सरकारच्या योजनेत पुनर्वसनासाठी परिस्थितीनुसार एक, दोन वा तीन लाख रुपयांची तरतूद आहे.

समारोप

मित्रहो, एवढे नियम लक्षात राहणे कठीण वाटत असेल, तर एक प्रश्न घरी न्यावा. माझ्याकडे काम करणाऱ्या माणसाला उद्या सकाळी निघून जावेसे वाटले, तर त्याचा पगार, त्याचे कागद आणि एका रात्रीचा निवारा त्याच्या हाती आहे काय? उत्तर ‘आहे’ असे आले, तर तो आपल्याकडे राहतो ते त्याच्या मर्जीने. उत्तर देताना जरा जरी अडखळलो, तरी खाते पुन्हा तपासावे.

गुरुजी उदाहरण तपासताना केवळ उत्तर पाहत नसत. दोन्ही बाजू मांडल्या आहेत की नाहीत, हे पाहत असत. त्या होळीपर्यंत माझ्या वहीत एकच बाजू लिहिली जात होती. दुसरी बाजू लिहिण्याची आठवण मला एका बापाने करून दिली. ती आपणांपर्यंत पोचवावी, एवढ्यासाठीच मी येथे उभा राहिलो.